मेंदीचं कुंपण आणि सव्वा किलोचं मशीन

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. म्हणाल्या, "तुमचे दुकानातले अनुभव लिहून द्या." मी म्हटलं, "बाई, मी तीस वर्षं काउंटरला बसून लोकांना मशिनी विकल्या. त्यात अनुभव कसला? डोकेदुखी म्हणा." त्या म्हणाल्या, डोकेदुखी लिहा. म्हणून लिहिते आहे. घरात आम्ही दखनी बोलतो, पण माझा सगळा धंदा मराठीत झाला. भांडणंही मराठीतच झाली, त्यामुळे भाषा पक्की आहे.

नगरला नागापूर एमआयडीसीच्या रस्त्यावर आमचं दुकान. आता भाचा बघतो. मागच्या खोलीत आमचे हे, म्हणजे युनूसभाई, मशिनी दुरुस्त करायचे आणि पुढं काउंटरला मी. युनूसभाई दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलतात, त्यातली चार मशीनशी. उरलेलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलं, आणि मी ते आनंदानं केलं. गिऱ्हाईक आत आलं की आधी इकडंतिकडं बघायचं आणि विचारायचं, "भाभी, मालक कुठंयत?" मी म्हणायचे, "मालक मागं बसलेत, त्यांना ऐकू कमी येतं आणि किंमत माहीत नाही. बोला."

आधी आमच्याकडं ड्रिल, ग्राइंडर असला कारखान्याचा माल होता. मग लोकांनी बंगले बांधले, बंगल्यापुढं हिरवळ लावली, लग्नाची लॉन्स निघाली, आणि बागेच्या बॅटरीवरच्या मशिनी आल्या. कुंपण कापायच्या, गवत कापायच्या, फांद्या तोडायच्या. वायर नाही, पेट्रोल नाही. बॅटरी खटकन लावायची आणि सुरू करायचं. मला ह्या मशिनी फार आवडल्या. कारण गवत कापायचा पेट्रोलचा ब्रशकटर दाखवायचा म्हणजे दोरी ओढता ओढता माझा दंड निघून यायचा, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "भाभीला झेपत न्हाई वाटतं."

खोक्यावर मशीनचं वजन छापलेलं असतं. ते पुष्कळदा बॅटरी न लावता असतं, हे कुणी सांगत नाही. बॅटरी लावली की अर्धा किलो वाढतो. शिवाय नुसतं वजन बघून चालत नाही, ते कुठं आहे ते बघायचं. नाकाकडं जड असलेलं दोन किलोचं मशीन, मुठीपाशी जड असलेल्या तीन किलोच्या मशीनपेक्षा लवकर दमवतं. हे कुणाला पटायचं नाही. आमच्याकडच्या पुरुषांची एक खोड आहे. मशीन हातात घेऊन दोनदा वर-खाली करायचं, आणि जड लागलं की मान डोलवायची. जड म्हणजे टिकाऊ. हलकं दिलं की, "भाभी, खेळणं दिलं का काय?"

म्हणून मी एक रीत पाडली. मशीन बॅटरीसकट हातात द्यायचं आणि सांगायचं, "हात पुढं करून धरा. मी चहा सांगते. चहा येईपर्यंत खाली करायचं नाही." चहाची टपरी रस्त्याच्या पलीकडं. चहावाला निवांत माणूस. सांगितल्यापासून पेला काउंटरवर यायला चार-पाच मिनिटं लागायची. राहुरीकडचे एक पाटील होते, मिशा कानापर्यंत. सगळ्यात मोठं कुंपण कापायचं मशीन पाहिजे म्हणून हटून बसले. दीड मिनिटात हात थरथरायला लागला, दोन मिनिटांत कपाळाला घाम. चहा आला तेव्हा मशीन काउंटरवर होतं आणि पाटील रस्त्याकडं बघत होते. म्हणाले, "तुमचा चहावाला लई हळू हाय." घेतलं मात्र छोटं.

हे शहाणपण मला उशिरा आलं, हेही सांगून टाकते. सुरुवातीची पाच-सात वर्षं मी मान डोलवणाऱ्यांना जडच मशिनी विकल्या. एकदा केडगावला एका घरी बॅटरी बदलून द्यायला गेले, तर आपण विकलेलं मशीन माळ्यावर, आणि घरातली बाई उन्हात विळ्यानं कुंपण छाटत बसलेली. म्हणाली, "ह्यांनी आणलंय, पण मला उचलत नाही, आणि ह्यांना वेळ नाही." मला फार लाज वाटली. त्या दिवसापासून मी पहिला प्रश्न बदलला. बजेट किती, बाग केवढी, हे नंतर. आधी विचारायचं, मशीन कुणाच्या हातात जाणार? बायको कापणार असेल तर बायकोला घेऊन या. किती गिऱ्हाइकं त्यावरून चिडून गेली. जाऊ देत.

आणि खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा असते. विळा, कोयता, नांगर धुवायचा, हळद-कुंकू लावायचं. चांगली रीत आहे. पण बॅटरीवरचं मशीनही हत्यारच ना, मग तेही नळाखाली धुवायचं. आणि कुंकू कुठं लावायचं, तर जिथं बॅटरी बसते त्या पितळी पट्ट्यांना, कारण ती जागा महत्त्वाची वाटते. दसऱ्यानंतर आठवडाभर आमच्याकडं रांग असायची. युनूसभाई जुन्या दाताच्या ब्रशनं कुंकू काढत बसायचे. अकोल्याकडच्या एकानं तर चार्जरमध्ये तांदूळ घातले होते. युनूसभाईंनी ते सगळे दाणे काढून कागदात बांधून त्याला परत दिले. मी मग बिलावरच लिहून द्यायला लागले, "पूजा फक्त पात्याची करावी."

पण मला सांगायचीय ती गोष्ट हिरामावशींची.

शनिवार होता. शनिवारी आमच्या जिल्ह्यात लोखंड कुणी विकत घेत नाही, घरात आणत नाही. शनीचा वार. आमच्यासारख्या दुकानात त्या दिवशी माश्या मारत बसायचं. तर त्या दिवशी सकाळी साडेदहाला एक बाई आल्या. सत्तरीला टेकलेल्या, नऊवारी, पायात प्लास्टिकच्या चपला, उजवा हात अंगाशी धरलेला. एसटीनं शिंगणापूरहून आल्या होत्या. खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला. नातीनं मोबाईलमध्ये बघून मशीनचं चित्र काढून दिलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, आजीसाठी हलकं.

मी विचारलं, "कुणाच्या हातात जाणार?"

"माज्याच. दुसऱ्या कुनाच्या जातंय?"

मग सगळं कळलं. त्यांचा मुलगा दत्ता शिंगणापुरात भक्तांसाठी खोल्या चालवतो. खोल्यांच्या पुढं रस्त्याच्या कडेनं पन्नास फूट मेंदीचं कुंपण. ते मावशींनी लग्न होऊन आल्यावर काड्या रोवून केलेलं, आणि कायम त्यांनीच छाटलेलं. गेल्या दिवाळीत खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. वर्षभर कात्री लागली नाही, मेंदी माणसाच्या डोक्यावर गेली. पुढच्या शनिवारी अमावस्या, म्हणजे गर्दी विचारू नका. दत्ताला पार्किंग पाहिजे. तो म्हणाला, "आई, तुझ्यानं आता होत न्हाई, त्याचं रान झालंय, रविवारी दुपारी जेसीबी बोलावलाय. त्याच्याआधी कुनाकडून कापून घेतलंस तर ठेवतो, न्हाईतर काढतो." मावशी दोन दिवस गडी शोधत फिरल्या. कांदा काढणी चाललेली, गडी कुठला मिळतोय.

"रविवार म्हणजे उद्याचा?" मी विचारलं.

"व्हय, उद्याच. म्हनून तर आले."

मी चहा सांगितला आणि पहिलं मशीन हातात दिलं. अडीच किलो. चहावाल्यानं मान वर करायच्या आतच ते खाली आलं. दुसरं हलकं होतं, पण नाकाला जड. तेही गेलं. मग मी काचेच्या कपाटातून ते छोटं काढलं. सव्वा किलो, बॅटरीसकट. ह्याला पातं खटक्यानं लागतं आणि खटक्यानं निघतं. बोटापेक्षा जाड फांदी ते कापत नाही, हेही मी सांगितलं. "मावशी, हात लांब करू नका. कोपर फासळीला टेकवा. आता धरा."

त्यांनी धरलं. चहा आला. त्यांनी खाली ठेवलं नाही. डाव्या हातानं बशी उचलली, चहा प्याला, उजव्या हातात मशीन तसंच.

"मोठी बॅटरी बसंल का हिला?" त्यांनी विचारलं. "लवकर उरकंल."

"बसंल, पण मी देणार नाही. मोठी बॅटरी तासभर चालते, तुमचा खांदा चालणार नाही. ही छोटी पंचवीस मिनिटांत संपते. आधी बॅटरी दमली पाहिजे, मग तुम्ही. अशा दोन देते. एक संपली की दहा मिनिटं बसायचं, मगच दुसरी लावायची."

त्यांना हे फार पटलं. पदराच्या गाठीला हात घातला आणि मग एकदम थांबल्या. म्हणाल्या, "अगं बया, आज शनिवार. ह्याच्यात लोखंड हाय का?"

झालं. मी म्हटलं, पातं लोखंडाचंच आहे. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "मग पातं तुमच्याकडं ठेवा, उद्या कुनाला तरी धाडते. बाकीचं पलाष्टिक हाय, ते नेते." असं करणाऱ्या त्या पहिल्या नव्हत्या. शनिवारी मशीन आणि सोमवारी पातं नेणारी दोन-चार गिऱ्हाइकं आमची नेहमीची होती. मी पातं काढून ठेवलं आणि मशीन पिशवीत घालायला लागले.

तेवढ्यात युनूसभाई बाहेर आले. हातात जुन्या स्पीकरचं लोहचुंबक. त्यांनी ते मशीनच्या मुठीला लावलं. चिकटलं नाही. बॅटरीला लावलं, जरा ओढ घेतली. पोटाला लावलं, जिथं मोटर असते, तर खाटकन चिकटलं. आम्ही तिघंही त्या चुंबकाकडं बघत बसलो. मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. अख्ख्या दिवसातलं एकमेव गिऱ्हाईक, आणि नवरा चुंबक घेऊन येतो. नंतर भांडले तेव्हा म्हणाले, "उने पूछी थी ना." बरोबर होतं. त्या इतक्या विश्वासानं विचारत होत्या, आणि मोटरीत लोखंड असतं हे मला तीस वर्षं माहीत होतं.

मावशींनी मशीन स्वतःच्या हातानं काउंटरवर परत ठेवलं. रडल्याबिडल्या नाहीत. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. घरातला नेम घरासाठी कसा मोडू?"

"मावशी," मी म्हटलं, "उद्या सकाळी आम्हीच घेऊन येतो."

बोलून गेले आणि मग माझ्या लक्षात आलं की रविवार हा आमचा सगळ्यात मोठा वार. शनिवारचं अडलेलं सगळं गिऱ्हाईक रविवारी येतं. मी युनूसभाईंकडं बघितलं. ते चुंबक पुसत म्हणाले, "साडेसहाला निघू. सकाळी ऊन कमी." मावशी पैसे काढायला लागल्या. मी म्हटलं, आज घेतले तर खरेदी शनिवारची होईल, उद्या द्या. त्या हसल्या आणि एसटीला गेल्या.

रविवारी स्कूटरवर आम्ही दोघं, मध्ये मशीन, तीन बॅटऱ्या आणि युनूसभाईंची जाड फांद्यांची कात्री. तिसरी बॅटरी दुकानात दाखवायला ठेवायचो ती. आठला शिंगणापुरात पोचलो. गावातल्या घरांना चौकटी असतात, दारं नसतात, हे माहीत होतं तरी मी कडी वाजवायला हात पुढं केला आणि हवेतच राहिला. मावशी आतूनच म्हणाल्या, "या या, वाजवताय काय?"

मेंदी बघून मी कपाळाला हात लावला. रान ते रानच. दत्ता बाहेर आला. अडतीस-चाळिशीचा, दोन मोबाईल, डोळ्यांत झोप. माणूस वाईट नव्हता, कामानं पिचलेला होता. मावशी म्हणाल्या, "ह्या नगरच्या भाभी. मशीन आनलंय." त्यानं मशीन बघितलं. "भाभी, ह्यानं दाढी करायची का काय? बारा वाजता जेसीबी येतोय, सांगून ठेवतो."

मी काही बोलले नाही, म्हणजे बोलले, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सव्वाआठला मावशींनी सुरुवात केली. कोपर फासळीला. आधी बाजूनं कापायचं, खालून वर, मग माथा. मशीन गुरगुरायला लागलं आणि पानं पडायला लागली. जाड फांद्या युनूसभाई कात्रीनं पुढं पुढं काढत गेले. उंच माथ्यासाठी मावशी चौरंगावर उभ्या राहिल्या, मी मागं धरून. पंचवीस मिनिटांत बॅटरी संपली. मी घड्याळ लावून त्यांना बसवलं. पाच मिनिटांनी उठायला लागल्या तर हाताला धरून परत बसवलं. रस्त्यानं जाणारे भक्त थांबून बघायचे. एकानं विचारलं, "मशीन किती दिवस टिकतं?" मी त्याला पाचच मिनिटांत सगळं सांगितलं, सवय जात नाही.

अकरा वाजता वीज गेली. दोन बॅटऱ्या चार्जरला, अर्ध्या भरलेल्या. त्याही लावून संपल्या. साडेअकराला राखून ठेवलेली तिसरी लावली. एका टोकाकडची पंचवीस फूट भिंतीसारखी सरळ झाली होती. उरलेल्या, फाटकाकडच्या पंचवीस फुटांच्या बाजू झाल्या होत्या, पण माथा तसाच झिंज्या सोडून उभा. आणि तेवढ्यात जेसीबी आला, बारा वाजायच्या अर्धा तास आधी. नको तेव्हा हे लोक वेळेआधी येतात.

दत्ता खोल्यांकडून धावत आला. "बघ आई, अर्धंच झालं. म्हनलो हुतो मी. व्हय बाजूला."

मावशी चौरंगावरून उतरल्या नाहीत. मशीन चालूच. म्हणाल्या, "ही बॅटरी संपू दे. मग काय करायचं ते कर."

"किती चालंल ती?"

दत्तानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "पंचवीस मिनिटं." त्या वेळी चाळीस म्हणाले असते तरी चाललं असतं, पण कालच्या चुंबकानंतर मला खोटं बोलायची सोयच राहिली नव्हती.

जेसीबीचा ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरला. तंबाखू मळत त्यानं कुंपण या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. सरळ कापलेलं, मग झिंज्या, मध्ये चौरंगावर म्हातारी. मग अगदी साधेपणानं दत्ताला विचारलं, "शेठ, कुठून काढू? कापल्यालं आधी का न कापल्यालं?"

दत्तानं एका मोबाईलवर उगाच वेळ बघितली. ड्रायव्हरनं परत विचारलं, "दाखवा की. मला पुढं दुसरीकडं जायचंय."

दाखवायचं म्हणजे हात करायचा, आणि जिकडं हात करावा तिकडं आई. दत्तानं दोन्ही मोबाईल खिशात घातले. मग घराच्या मागं हात केला. मागं जुना गोठा होता, गुरं कधीच विकलेली, पत्रा गंजलेला, आत मोडक्या खाटा. म्हणाला, "तिकडचा गोठा काढ. गाड्या मागून घालू." ड्रायव्हरला काय, त्याला काढायला काहीतरी पाहिजे होतं. तो मागं गेला.

मावशींनी हे सगळं ऐकलं, पण मागं वळून बघितलं नाही. कापतच राहिल्या. फाटकापासून सात-आठ फूट उरलं आणि त्यांचा हात आपोआप खाली आला. मशीन अजून चालू होतं. माझा सगळा हिशेब चुकला, बॅटरी शिल्लक होती आणि खांदा संपला होता. मी मशीन घ्यायला पुढं झाले, तर माझ्याआधी दत्ता आला. "दे हिकडं," म्हणाला. मावशींनी दिलं आणि चौरंगावर बसल्या.

आता ह्या माणसानं जन्मात कुंपण कापलेलं नव्हतं. सव्वा किलोचं मशीन दोन्ही हातांनी असं धरलं की जणू रानडुकराच्या अंगावर चाललाय. मी ओरडले, वरून नका, बाजूनं घ्या. तोवर त्यानं फाटकाशेजारी माथ्यात सरळ वीतभर खोल खड्डा पाडला. मागं सरकून बघितलं, तोंड एवढंसं झालं. उरलेलं मग हळूहळू, जीभ बाहेर काढून, नीट कापलं. बाराला पाच कमी असताना बॅटरी संपली.

जेवण झालं. मावशींनी गाठ सोडली, पैसे दिले. निघताना वीज आलेली होती, बॅटरीही थोडी भरली होती. फाटकाजवळचा तो खड्डा माझ्या डोळ्यांत खुपायला लागला. आजूबाजूची मेंदी चार बोटं खाली घेतली की तो दिसला नसता, पाच मिनिटांचं काम. मी मशीन उचललं आणि म्हटलं, "मावशी, एवढं सारखं करून देते, मग जाते."

मावशींनी माझ्या हातातून मशीन काढून घेतलं आणि बॅटरी खटकन बाहेर काढली. "नको, भाभी," म्हणाल्या. "दत्तूनं पयल्यांदा हात लावलाय त्येला. ऱ्हाऊ द्या तसंच."